जाहिरातीखालची दुरुस्ती

व्हॅन उलटली त्या दिवशी मी रावेरला होते, मावसबहिणीकडे साखरपुड्याला. फोन पर्समध्ये आणि पर्स तिच्या कपाटात. संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, तेव्हा कुठे फोन उघडला. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, मी काम करते त्याच बातम्यांच्या पोर्टलची बातमी येऊन पडलेली होती. एकाने टाकलेली, दुसऱ्याने पुन्हा टाकलेली, तिसऱ्याने वर रागाचे चेहरे लावून टाकलेली. "नशे में धुत ड्राइवर ने पलटाई स्कूल वैन, चीखते रहे मासूम."

खाली व्हिडिओ होता. असीरगढच्या रस्त्याला, केळीच्या बागेच्या कडेला, पिवळी व्हॅन एका अंगावर पडलेली. मुलांना बाजूला सावलीत बसवलेलं. कोणाचा गुडघा फुटलेला, एका मुलीने हात छातीशी धरलेला. आणि मधोमध एक माणूस झोकांड्या खात उभा. काहीतरी सांगू पाहतोय, पण जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकलेले. व्हिडिओ काढणाऱ्याचा आवाज मागून येतो, "पिया हुआ है, देखो."

त्या माणसाला मी ओळखत होते. आमच्या गावच्या लालबागात, आमच्या मागच्याच गल्लीत त्याचं घर. त्याचे वडील महाराष्ट्रातून इकडे, सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, कागद कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. ते फार प्यायचे. कारखान्यातले सोबती त्यांना हातगाडीवर घालून घरी आणायचे, आणि आणताना कॉलनीतली सगळी दारं उघडायची, हे मी माझ्या आईकडून ऐकलेलं. त्यामुळे मुलाने आयुष्यात थेंब घेतला नाही. लग्नाच्या वरातीत बाटल्या निघाल्या की हा उठून घरी जायचा. खोकल्याचं औषध आणलं तरी आधी झाकण काढून वास घ्यायचा. गल्लीत सगळे त्याला भाऊ म्हणायचे, मीही.

हा माणूस पिऊन गाडी चालवणार नाही, हे मला गाडीत बसल्याबसल्या ठाऊक होतं. पण नुसतं ठाऊक असून काय करणार. शेजारच्या बाईने माझ्या खांद्यावरून व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, अशांना तिथेच फोडून काढायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, माझ्या दारात आली. मी त्या पोर्टलमध्ये काम करते हे तिला माहीत होतं. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरच उभी राहून बोलली. चतुर्थीचा उपास होता. भाऊंना शुगर होती. सकाळची गोळी घेतली आणि पोटात काही टाकलं नाही. रस्त्यात घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली. गाडी कडेला घ्यावी म्हणून वळवली, तर ती बागेच्या चारीत गेली. पोलिसांनी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं. रक्तात दारू नव्हती. साखर इतकी खाली गेलेली की डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता.

तिने दवाखान्याचा कागद पुढे केला. मी त्याचा फोटो काढून घेतला. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, शुगरवाल्यानं पोरांची गाडी चालवू नये असं कोणी म्हणलं तर आम्ही ऐकून घेऊ. आमची चूकच आहे ती. पण दारुड्या म्हणू नका. त्यांच्या आईनं वाचलंय."

मी सांगितलं, आज दुरुस्त करते. आणि मला खरंच वाटत होतं की हे काम दुपारपर्यंत होईल.

आमचं पोर्टल म्हणजे एका चष्म्याच्या दुकानावरचा हॉल. खाली लोक नंबर तपासायला यायचे आणि वर आम्ही जिल्ह्याच्या बातम्या बनवायचो. साइट हिंदीत. माझं काम डेस्कवरचं. बातमीदार फोनवरून जे पाठवतील ते नीट करायचं, मथळा द्यायचा, फोटो लावायचा, साइटवर चढवायचं. मालकांना आम्ही सर म्हणायचो. शिकलेला, गोड बोलणारा माणूस. कोणाशी आवाज चढवायचा नाही. टेबलावर बडीशेपेची वाटी असायची, आणि आलेल्या प्रत्येकापुढे ती स्वतःच्या हाताने सरकवायची सवय होती.

मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचला आणि लगेच मान डोलावली. "अरे, ये तो गलत हो गया. लगा दो अपडेट." मला हलकं वाटलं. ज्या बातमीदाराने ही बातमी दिली होती तोही तिथेच बसलेला. लोक म्हणत होते ते मी लिहिलं, एवढं बोलून तो पुन्हा फोनमध्ये बघू लागला.

मी बसून लिहिलं. मथळा बदलला, "स्कूल वैन पलटी, ड्राइवर की शुगर गिरने से हादसा." त्याच्या खाली, पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरात लिहिलं की या बातमीत आधी चालक दारूच्या नशेत होता असं छापलं होतं, ते चूक होतं. वैद्यकीय तपासणीत रक्तात दारू आढळली नाही. आमच्या चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मग वहिनीला लिंक पाठवली आणि चहा घ्यायला खाली गेले.

वर आले तोवर मथळा पुन्हा पहिल्यासारखा झालेला होता. माझी ओळ तिथे नव्हती. मला वाटलं आपण जुनं पान बघतोय. पुन्हा उघडलं, खाली सरकवत गेले. अपघाताचं वर्णन गेलं. चीखते मासूम गेले. एका पालकाची प्रतिक्रिया गेली, अशा दारुड्यांना फाशी द्या म्हणणारी. मग आमच्या ग्रुपला जोडून घ्या म्हणणारं हिरवं बटण. मग 'ये भी पढ़ें' म्हणून चार बातम्या, त्यातली एक कोणत्या तरी नटीच्या लग्नाची. मग मूळव्याधीवरच्या चूर्णाची जाहिरात, एक माणूस कमरेवर हात ठेवून तोंड वाकडं करून उभा असलेली. त्याच्याही खाली, फिक्या राखाडी अक्षरात, एक ओळ. "अपडेट: मेडिकल रिपोर्ट में अल्कोहल की पुष्टि नहीं हुई है."

पुष्टी झालेली नाही. म्हणजे वाचणाऱ्याने असं समजावं की शोध अजून चालू आहे, उद्या कदाचित होईलही.

मी सरांकडे गेले. त्यांना राग आला नाही, उलट त्यांनी मला समजावलं. अपडेट तर लावली ना. कुठे लावायची हा डेस्कचा नव्हे, धंद्याचा विषय आहे. ती वर लावली तर वाचणारा तिथेच थांबतो आणि परत जातो. बातमीत राहिलंच काय मग. "गलती थी, हमने मान ली. नीचे मानी, पर मानी तो सही."

मला हे बोलणं ऐकताना जे झालं ते मला अजून आठवतं. राग नव्हता. किळस होती. कारण त्या खालच्या जागेची किंमत मला माहीत होती. पान कोण कुठवर वाचतं हे आमच्या सिस्टीममध्ये दिसायचं. बहुतेक लोक मथळा, फोटो आणि पहिला परिच्छेद यापुढे जात नसत. सर स्वतः जाहिरातवाल्यांना हे सांगायचे. वरची जागा महाग, मधली त्याहून कमी, आणि सगळ्यात खालची फुकटात म्हणा, कारण तिथवर माणूस येतच नाही. चूर्णवाल्याला त्यांनी ती जागा तशीच देऊन टाकलेली, दुसऱ्या जाहिरातीवर वरकड म्हणून. जिथे मूळव्याधीचं चूर्णसुद्धा कोणाला दिसत नाही असं ज्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याने दुसऱ्याची अब्रू त्याच्याही खाली नेऊन ठेवली. आणि वर मला बडीशेप दिली.

वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, ताई, तुम्ही म्हणत होत्या ते सापडत नाहीये. मी तिला सांगितलं, खाली जा. ती म्हणाली, गेले, जाहिरात आली. मी म्हटलं, आणखी खाली. तिने ती राखाडी ओळ हळूहळू वाचून काढली. मग म्हणाली, "हे होय." आणि फोन ठेवला.

शाळेने भाऊंना काढून टाकलेलंच होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. मला रस्त्यात भेटले तेव्हा स्वतःच म्हणाले, पोरांची गाडी मी आता कोणी पाय धरले तरी चालवणार नाही, मला माझीच भीती वाटू राहिली. पण शाळेच्या हेडमास्तरीणबाईंना खरं काय ते कळावं एवढी त्यांची इच्छा होती, कारण त्याच शाळेत त्यांची भाची शिकत होती आणि मुलं तिला चिडवत होती. दवाखान्याचा कागद पोलिसांनी जमा करून घेतला होता, त्यांच्याकडे उरली ती फिकट झेरॉक्स. बाईंचं म्हणणं पडलं की झेरॉक्स कोणीही आणतं, बातमीत जे आलंय ते आणा.

म्हणून मी त्यांच्याबरोबर स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि आमच्या पोर्टलचं ते पान छापून घेतलं. पानामागून पान निघत राहिलं. पहिल्यावर मथळा आणि झोकांड्या खाणाऱ्या भाऊंचा फोटो. नंतरच्यांवर मासूम, फाशी, नटी. शेवटच्या कागदावर वरच्या अंगाला कमरेवर हात ठेवलेला माणूस, त्याखाली ती एक ओळ, आणि बाकी सगळा कागद कोरा. दुकानदाराने तो कागद काढून बाजूला ठेवला. त्याला वाटलं फुकट गेलेला आहे. मी मागून घेतला.

हेडमास्तरीणबाईंनी पहिला कागद बघितला आणि गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला. मी म्हटलं, मॅडम, शेवटचा बघा. त्यांनी बघितला. म्हणाल्या, इथे तर पुष्टी झालेली नाही एवढंच आहे. झाली नाही म्हणजे नव्हती असं थोडंच होतं. मी सांगितलं की ही ओळ माझ्या ऑफिसची आहे आणि मी शब्दशः सांगते, नव्हती असाच त्याचा अर्थ आहे. त्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग तसं लिहिलं का नाही?"

भाऊ माझ्या शेजारी टोपी हातात धरून उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी ते सगळे कागद एकात एक दुमडले आणि शर्टाच्या आत ठेवले, रस्त्यावर कुणाला दिसू नयेत म्हणून.

इथवर मी मनात म्हणत होते की सर आळशी आहेत, भित्रे आहेत, धंदेवाईक आहेत. पुढच्या आठवड्यात जे झालं त्यानंतर मला त्यांच्यासाठी शब्द शोधायची इच्छा राहिली नाही.

एका सकाळी भाऊंची आई राजघाटावरून लवकर परत आली. रोज तापीवर जायची तिची सवय, आंघोळ, दिवा, बायकांशी चार गप्पा. त्या दिवशी एका बाईने तिला घाटाच्या पायरीवर फोन काढून दाखवला. म्हणाली, तुझ्या पोराचं पुन्हा आलंय, आता काय केलं त्यानं. आईने पदर तोंडावर घेतला आणि ओल्या लुगड्यानेच घर गाठलं. वहिनीने मला हे फोनवर सांगितलं आणि विचारलं, आता काय केलं ताई यांनी? हे तर घरातून बाहेर पडले नाहीत.

मी फोन उघडला. आमच्या पोर्टलचं नोटिफिकेशन आलेलं. "बड़ा अपडेट: नशे में धुत ड्राइवर केस में नया मोड़." उघडलं की तेच पान. तोच मथळा, तोच फोटो, तोच व्हिडिओ. फक्त तारखेच्या जागी आजची तारीख आणि शेजारी 'अपडेटेड' असा लाल शिक्का. 'नया मोड़' म्हणजे खालची तीच राखाडी ओळ.

ऑफिसात गेल्यावर कळलं ते असं. साइट सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या माणसाने सरांना सांगितलं होतं की दुरुस्ती केलेल्या पानावर नवी तारीख टाकली की ते सर्चमध्ये पुन्हा वर येतं, आणि जुनं चांगलं चाललेलं पान असेल तर दुप्पट चालतं. सरांना ते पटलं. दुरुस्तीची ओळ तळाशी पडलेली, ती कोणी वाचणार नव्हतं. पण दुरुस्ती केली या नावाखाली तीच खोटी बातमी पुन्हा गावभर फिरवता येत होती. आणि ती फिरली. ज्यांनी पहिल्यांदा वाचली नव्हती त्यांनी या वेळी वाचली. भुसावळहून भाऊंच्या चुलतभावाचा फोन आला, की पुन्हा ॲक्सिडेंट केलास काय रे.

सर खुशीत होते. त्यांनी मला त्या पानाचा आकडा दाखवायला बोलावलं. मी बघितला नाही. त्यांच्या टेबलाजवळ उभी असताना त्या बडीशेपेचा वास आला. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

त्याच दुपारी भाऊ ऑफिसात आले. एकटे. जिना चढून वर आले, चपला बाहेर काढल्या, जशा देवळाबाहेर काढतात तशा. ऑफिसात कोणी चपला काढत नसे. सरांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. भाऊंनी चहाला हात लावला नाही. त्यांनी काहीही लांबण लावली नाही.

"साहेब, खालचं राहू द्या नाही तर काढा. माझं वरचं तेवढं बदला."

सरांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मला आजही किळसवाणी वाटते. ते म्हणाले, आपण असं करू, तुमची मुलाखत घेऊ. तुम्ही तुमची बाजू मांडा. कॅमेऱ्यासमोर सगळं सांगा, आईचं सांगा, शुगरचं सांगा, वडिलांचंही सांगा. लोकांना रडू आलं पाहिजे. त्यांनी मथळासुद्धा तिथेच बोलून दाखवला. "शराबी कहलाए वैन ड्राइवर का छलका दर्द." बातमीदाराने तर तोवर फोन उभा धरलाही होता.

भाऊंना आधी समजलंच नाही. मग समजलं. म्हणजे शब्द जायचा नव्हताच. तोच शब्द वर, आणि त्याखाली त्यांनी बसून, जिवंत, हलता बोलता, तो नाकारायचा, आणि लोकांनी ते बघायचं. त्यांनी खुर्चीवरून उठून फोनवर हात धरला, मारला नाही, फक्त झाकला. बातमीदाराला म्हणाले, बंद कर बाबा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्ही इथं बसता?"

त्यात दोष नव्हता. नुसतं आश्चर्य होतं. ते चपला घालून खाली गेले. चहा तसाच. त्यावर साय धरली आणि संध्याकाळी झाडणाऱ्या बाईने तो बेसिनमध्ये ओतला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. माझ्या लॉगिनने ते पान उघडलं. मथळा बदलला. पहिल्या ओळीत मी आधी लिहिलेलं सगळं पुन्हा लिहिलं, या वेळी आणखी स्पष्ट. काय छापलं होतं, ते खोटं होतं, खरं काय आहे. त्या पालकाची फाशीची प्रतिक्रिया काढली. व्हिडिओ काढला. मग जे सगळ्यांना गेलं होतं तसंच नोटिफिकेशन पाठवलं, "भूल सुधार: स्कूल वैन का ड्राइवर नशे में नहीं था." ज्या ज्या फोनवर घाण गेली त्या त्या फोनवर हे जावं, एवढंच माझ्या मनात होतं. पाठवल्यावर मी वहिनीला फोन केला. तिने सासूला वाचून दाखवलं, मला पलीकडून ऐकू आलं. म्हातारीने पुन्हा वाच म्हटलं. वहिनीने पुन्हा वाचलं.

सर आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. तरी आवाज चढवला नाही. मला बसवलं आणि म्हणाले की वरून माफी मागणारं पोर्टल गावात कोण वाचेल, उद्या प्रत्येक जण येऊन म्हणेल माझंही वर लावा. मी म्हटलं, येतील, कारण तितक्या चुका आपण केल्यात. ते हसले. मी राजीनामा तिथल्या तिथे लिहून दिला. त्यांनी तो वाचला, त्यातली एक वेलांटी पेनने दुरुस्त केली आणि ठेवून घेतला. इतरांच्या चुका दुरुस्त करायला त्यांचा हात कधी अडखळत नसे.

मी जिना उतरायच्या आत पान पुन्हा पहिल्यासारखं झालं, आणि ते तसंच राहणार असं मी धरून चालले होते. पण झालं ते वेगळं. भाऊंच्या चुलतभावाने भुसावळच्या एका वकिलाकरवी नोटीस पाठवली. नोटीस पोचली आणि ते पान गेलं. बदललं नाही, गेलं. मथळा, फोटो, मासूम, चूर्ण, राखाडी ओळ, सगळं. लिंक उघडली की पांढऱ्या पानावर एवढंच यायचं की आपण शोधता ते पान उपलब्ध नाही.

मला आधी बरं वाटलं. वहिनीलाही. मग वकिलाला त्यांचं उत्तर आलं, की आमच्या साइटवर अशी कोणतीही बातमी नाही, त्यामुळे दुरुस्तीचा किंवा माफीचा प्रश्न उद्भवत नाही. बातमीच नाही म्हटल्यावर चूक कसली आणि दुरुस्ती कुठे लावायची. पण गल्लीच्या ग्रुपवर तिचा स्क्रीनशॉट होता, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर होता, भुसावळच्या नातेवाइकांकडे होता, व्हिडिओ तर कुठे कुठे होता देवच जाणे. हे सगळं आता मालक नसलेलं होतं. त्याच्या वर, खाली, मधे, कुठेच काही लिहायची सोय राहिली नाही. निदान ती राखाडी ओळ होती तेव्हा मी कोणाला तरी म्हणू शकत होते की शेवटपर्यंत जा. आता शेवटच नव्हता. स्वतःचे हात धुवायला त्यांनी एकमेव पुरावाही धुवून टाकला, आणि वर स्वच्छ म्हणवून घेतलं.

मी आता घरी बसून पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासते. काम कंटाळवाणं आहे, पण त्यात शुद्धिपत्र पुस्तकाच्या सुरुवातीला लावायचं की शेवटी, हे विचारलं जातं आणि मी सुरुवातीला म्हणते. प्रकाशक कधी ऐकतो, कधी नाही. पोर्टल चालू आहे. चष्म्याच्या दुकानावरचा बोर्ड मोठा झालाय. कधी त्यांची बातमी समोर आली तर मी वाचत नाही, सरळ तळाशी जाते. सवय लागली आहे. तिथे पुष्कळदा एखादी राखाडी ओळ असते. कोणाचं तरी नाव चुकलं होतं, कोणीतरी मेला म्हटलं होतं तो जिवंत आहे. ती वाचली की तोंडाची चव जाते आणि मी फोन ठेवून देते.

भाऊ आता एका केळीवाल्याची पिकअप चालवतात. शेतातून घड भरायचे आणि मंडीत उतरवायचे. वहिनी डबा देते आणि निघण्याआधी त्यांना समोर बसवून खायला लावते. गेल्या उन्हाळ्यात मला इथल्या जवळच्या शहापूरला जायचं होतं, बस चुकली, ते त्याच रस्त्याने निघाले होते. त्यांनी पुढच्या सीटवरचा गोणपाट झटकून जागा करून दिली. वाटेत ते केळीच्या भावाबद्दल बोलत होते, यंदाच्या वाऱ्याने झाडं किती पडली ते सांगत होते. मला बरं वाटत होतं.

नाक्यावर हवालदाराने हात केला. गाडी थांबली. हवालदार खिडकीशी आला, भाऊंकडे बघितलं आणि ओळखीचं हसला. "वही वैन वाला ना?" त्याने कागद मागितले नाहीत, लायसन मागितलं नाही. नुसती बोटाने खूण केली. भाऊंनी लगेच मान बाहेर काढली आणि तोंड उघडलं, दवाखान्यात उघडतात तसं, मोठं. हवालदाराने नाक जवळ नेऊन वास घेतला. मग गाडीवर थाप मारली, जा.

मी खिडकीतून ओरडून काहीतरी बोलणार होते, भाऊंनी हाताने मला थांबवलं. गाडी पुढे काढली. काही अंतर गेल्यावर म्हणाले, "रोजचं आहे ताई. आधी वाद घालायचो, मग उशीर व्हायचा, माल पिकतो." आणि पुन्हा केळीच्या भावावर आले.

मी ऐकत होते, हो हो म्हणत होते. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते उघडलेलं तोंड जात नव्हतं, आणि त्याच्याजवळ गेलेलं ते परकं नाक. शहापूर आलं. उतरल्यावर मी रस्त्याच्या कडेला हातपंपाशी गेले आणि चूळ भरली.